सुभेदार साहेबांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदार साहेब यांस,
सादर नमस्कार.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने बाबांचा विलंबमाफीचा, म्हणजे मुदतीनंतर केलेला दावा स्वीकारावा असा, अर्ज मंजूर केला असून त्यांच्या अपंगत्व पेन्शनचा दावा आता गुणदोषांवर, म्हणजे मूळ मुद्द्यावर, ऐकला जाईल, हे आपल्याला फोनवर कळवलेच आहे. तरीही आपण काय केलेत ते इतर माजी सैनिकांच्या घरांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

तोफखान्यात उमेदीची वर्षे काढलेल्या बाबांना ऐकू येणे कमी झाले, पण निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने हा दोष सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. त्यामुळे अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. त्याविरुद्ध केलेले अपील फेटाळल्याचे पत्र गावच्या पत्त्यावर गेले आणि आम्ही राहायला भांडुपला. ते हाती पडले तोवर सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ च्या कलम २२ मधली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सहा महिन्यांची मुदत उलटली होती. ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी विषय तिथेच मिटवला.

आपण मात्र पत्राआधी पाकीट मागितलेत. त्यावरचा पुसट झालेला टपालाचा शिक्का खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली वाचलात आणि ते पाकीट अर्जाला जोडायचे आहे, जपून ठेवा, असे बजावलेत. मागच्या तारखेचा आजारपणाचा दाखला जोडावा, असे एका नातेवाइकांनी सुचवताच आपण हातातले पेन खाली ठेवलेत. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, मग खरे कारण हाताशी असताना खोटा कागद कशाला, हे आपले म्हणणे बाबांना फार भावले. त्यानंतर पत्र कुठे पडून होते, कोणी आणून दिले, पुढचे दिवस कशात गेले, हे सारे आपण प्रतिज्ञापत्रात तारीखवार लिहून घेतलेत.

तरसेम सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकालही आपण आईला समजेल अशा भाषेत सांगितलात. पेन्शन चुकीने नाकारली गेली असेल, तर तो अन्याय दरमहा नव्याने होत राहतो, त्यामुळे केवळ उशिरापायी हक्क बुडत नाही. मात्र थकबाकी सर्वसाधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे मुदत गेली म्हणून हात टेकणेही चूक आणि आता काय घाई, म्हणून थांबणेही तितकेच महागात पडणारे. माझ्या मते ही माहिती निवृत्तीच्या कागदांबरोबरच प्रत्येक जवानाच्या हाती पडायला हवी.

आपण एक पैसाही घेतला नाहीत, उलट झेरॉक्सचा खर्चही स्वतः केलात, याची आम्हाला जाणीव आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला दोष सेवेमुळेच झाला असे सर्वसाधारणपणे गृहीत धरावे, असे सांगणारा धर्मवीर सिंग प्रकरणातला २०१३ चा निकाल आपण काढायला सांगितला होता. त्याची प्रत वकिलांकडे पोहोचली आहे. सुनावणीची तारीख मिळताच कळवते.

आपली कृतज्ञ,
एका माजी नाईकाची मुलगी
भांडुप, मुंबई