टेबलफॅन जमिनीवर ठेवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही हे स्वतःहून वाचाल असं वाटत नाही. तुमच्या काउंटरवर पाहिलेला मोबाइल बटणांचा होता. पण दुपारी तुमचा डबा घेऊन आलेला मुलगा तुम्हाला ‘आजोबा’ म्हणत होता, तो कधीतरी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं पुष्कळ. ज्याला खरंच गरज असेल तो जिने चढून शोधून काढेल. नाव लिहिलं तर उद्या अख्खं गिरगाव आपापली कुत्री घेऊन तुमच्या दारात उभं राहायचं.

ओळख पटावी म्हणून सांगते. मी ती, गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर आणि बरोबर काळी कुत्री असलेली बाई. कॉलर कुत्रीच्या गळ्यात, माझ्या नव्हे.

त्या दिवशी, लेन्स दुरुस्तीला घेऊन, आम्ही परळहून येत होतो, बैलघोड्याच्या हॉस्पिटलातून. दिनशॉ पेटिट यांच्या दानातून एकोणिसाव्या शतकात उभं राहिलेलं आणि त्यांच्या पत्नीचं, साकरबाईंचं नाव मिरवणारं हे जनावरांचं हॉस्पिटल. त्याचं लांबलचक खरं नाव मुंबईत कोणी घेत नाही. बुक्कीच्या कानामागच्या जखमेचं ड्रेसिंग होतं. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते, त्यातून किडे पडतात आणि ते आत आत मांस खात जातात. बुक्की मला मासळीबाजारामागे सापडली तेव्हा तिच्या कानामागे रुपयाएवढं भोक होतं. तो भाग इथेच सोडते, वाचणारे जेवत असतील.

पण त्याआधीची माणसं सोडत नाही. एका हेल्पलाइनने माझं नाव, पत्ता, जवळची खूण, कुत्र्याचा रंग सगळं लिहून घेतलं आणि ‘गाडी निघाली’ म्हणून सांगितलं. ती गाडी अजून वाटेत आहे. घराजवळच्या एका डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, ‘‘पाळीव की रस्त्यावरचं?’’ रस्त्यावरचं म्हटल्यावर ‘‘आम्ही स्ट्रे बघत नाही.’’ किडे असा भेदभाव करत नाहीत हो. आणि ती जरा बरी होऊन माझ्या खोलीत राहायला लागली तशी चाळीच्या कमिटीने फळ्यावर नोटीस लावली : ‘प्राणी पाळण्यास सक्त मनाई आहे.’ मी टपाल खात्यात आयुष्य काढलेली बाई, नोटिशीला नोटिशीने उत्तर देते. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ सांगतात की सगळ्या सभासदांनी हात वर केले तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्याची प्रिंट काढून शेजारीच टाचली. त्यांचा कागद अजून आहे, माझाही आहे. मधल्या जागेत कोणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे.

आता लेन्सचं. कॅमेऱ्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. सेकंड हॅंड बॉडी आणि एक फिफ्टी, म्हणजे 50 मिलिमीटरची लेन्स, बस. गिरगावातल्या जुन्या चाळीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पापड सादळतात, तिथे लेन्स कशी टिकणार? आत बुरशी चढली. फोटोंवर धुकं दिसायला लागलं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली, तर कुत्री बरोबर म्हणून आम्हाला काचेच्या दाराबाहेर उभं केलं. आतून एक टायवाला मुलगा आला, दार वीतभर उघडून म्हणाला, ‘‘मॅडम, दुरुस्तीच्या खर्चात नवीन येईल. आणि तुम्हाला काय, मोबाइलने काढा ना.’’ ‘तुम्हाला काय’ म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. पिकलेले केस आणि बरोबर गावठी कुत्री बघून त्याने हिशेब केला असावा.

तिथून दुसऱ्या दोन दुकानांत गेलो. एकाने ‘कुत्रा बाहेर बांधा’ म्हटलं, दुसऱ्याने मान वर केली नाही. बुक्कीला बाहेर बांधून चालत नाही. मी नजरेआड झाले की ती ओरडत नाही, नुसती थरथरते. शेवटी एका चहावाल्याने तुमचा जिना दाखवला.

तो लाकडी जिना! प्रत्येक पायरीला तिची कॉलर आपटायची, ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. वर पोचलो तेव्हा मी घामाने निथळत होते आणि तिची जीभ हातभर बाहेर. तुम्ही टेबलावर कुणाचीतरी लेन्स उघडून बसला होतात. पंखा बंद. मला वाटलं, वीज गेली असेल. नंतर कळलं, उघड्या काचेवर धूळ बसू नये म्हणून काम करताना तुम्ही पंखा लावतच नाही. ऑक्टोबरात. फोर्टातल्या त्या खुराड्यात.

तुम्ही चष्म्यावरून आधी मला पाहिलंत, मग तिला. हातातली काच डबीत ठेवून डबी बंद केलीत. उठलात. टेबलावरचा फॅन उचलून दाराशी, कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलात, तोंड टेबलाकडून पूर्ण वळवून. वायर पुरेना. मग तुम्ही वाकून काउंटरखालचा एक्स्टेंशन बोर्ड ओढलात, त्यातली तुमच्या मोबाइलची पिन काढलीत आणि फॅनची लावलीत. जाळीत अडकलेली तिची दोरी सोडवलीत. खाली कालचा पेपर पसरलात आणि म्हणालात, ‘‘गरम होतंय तिला.’’

एवढंच. परत जाऊन बसलात आणि डबी उघडून काम पुढे सुरू केलंत, कपाळाचा घाम मनगटाने पुसत.

काका, मी त्या गोष्टीचा फार विचार केला आहे. जखमी जनावर बरोबर असलं की माणसं दोन प्रकारची भेटतात. एक, नाक दाबणारी. दुसरी, माझ्या डोक्यावर पुण्याचा मुकुट ठेवणारी : ‘अगं बाई, किती करतेस, देव तुझं भलं करो’, आणि हे म्हणताना चार पावलं लांब. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. ‘अरेरे’ नाही, ‘सो क्यूट’ नाही. गिऱ्हाइकाला स्टूल देतात तसा तिला पंखा दिलात. कॉलरच्या आत वारा भरला तेव्हा तिने मान वर करून नाक फिरवलं आणि पेपरवर अशी पसरली की पाय थेट तुमच्या कपाटाखाली.

मग माझी लेन्स घेतलीत. पुढची रिंग रबराच्या कपाने दाबून फिरवली, काच बाहेर आली, ती दिव्यासमोर धरून मला दाखवलीत. कडेने आत पसरत गेलेले बारीक पांढरे धागे. ‘‘कोटिंग खाल्लं नाहीये अजून. वेळेत आलात.’’ वेळेत आलात, हे वाक्य मी बरेच दिवसांत ऐकलं नव्हतं. डॉक्टर, कमिटी, सर्व्हिस सेंटर, सगळीकडे मी एकतर उशिरा पोचले होते नाहीतर चुकीच्या जागी.

आणि पैसे तुम्ही पुरते घेतलेत. पावती फाडून दिलीत. हेही मला आवडलं. ‘राहू दे ताई, मुक्या जनावराचं करता’ म्हणून सूट दिली असतीत तर मी पुन्हा त्या मुकुटाखाली गेले असते.

याच फोर्टात जून 1832 मध्ये कुत्र्यांपायी दंगल झाली होती, तुम्हाला ठाऊक असेल. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला माणसं लावली, मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, गोऱ्या साहेबांचा पाव-मटणाचा पुरवठा अडला. मला तो इतिहास वाचून बरं वाटतं. पण खरं सांगू, रोजच्या जगण्यात दंगल करणारे लागत नाहीत, आपली जागा थोडी सरकवून देणारे लागतात. अशी माणसं या शहरात आहेत. परळहून फोर्टात आणणारा टॅक्सीवाला तसाच. आधीच्यांनी कुत्री बघून काचा वर केल्या, याने मागच्या सीटवर आपला गमछा टाकला आणि वाटभर क्रिकेटवर बोलला. चांगुलपणाला बहुतेक बोलायचं सुचत नाही, किंवा तो दुसऱ्याच विषयावर बोलतो.

आता तुम्ही दिलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. लेन्स बसवल्यावर तुम्ही तपासायला म्हणून बुक्कीचा एक फोटो काढलात, मागे स्क्रीनवर पाहिलात आणि मला विचारलंत, ‘‘ही काळी आहे ना? मग इथे राखेत लोळल्यासारखी का?’’ मला वाटायचं, माझ्या कॅमेऱ्यातच खोट आहे. तुम्ही समजावलंत : कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला काळंपांढरं कळत नाही, तो समोर जे येईल ते मधल्या करड्या रंगावर आणून सोडतो. काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून उजेड वाढवतो. तो आपण हाताने कमी करायचा. ‘‘काळ्याला मायनस, पांढऱ्याला प्लस. आणि दोघं एका फ्रेममध्ये आली की देवाचं नाव घ्या.’’

देवाचं नाव मी रोज घेते. कारण घरी साबूदेखील आहे, म्हणजे साबुदाणा, एका डोळ्याची पांढरीशुभ्र मांजर. बुक्की बुक्क्यासारखी काळी म्हणून बुक्की, हे वेगळं सांगायला नको. खिडकीत दोघी शेजारी बसल्या की एकतर साबू चुन्याची भिंत होते नाहीतर बुक्की नुसतं भोक. मग मी साबूला सावलीत सरकवते, बुक्कीला उजेडाकडे. तोवर साबू उठून जाते. पण बुक्की एकटी असली की मायनस एक, कधी दीड, आणि उजेड बाजूने. समोरून उजेड पडला तर काळा रंग सपाट होतो. बाजूने आला तर केसन् केस दिसतो, कानामागचा तो नवा केस न आलेला चट्टासुद्धा. डोळ्यांत खिडकीचा चौकोन उमटला की काम झालं.

सकाळी आम्ही गिरगाव चौपाटीवर जातो. तिथे सूर्य आपल्या मागच्या इमारतींआडून येतो, त्यामुळे पहिलं ऊन पलीकडे मलबार हिलवर पडतं आणि आमची वाळू बराच वेळ सावलीत असते. काळ्या कुत्रीसाठी याहून चांगला उजेड स्टुडिओत विकत मिळणार नाही. मी वाळूत पालथी पडते, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत. फिरायला येणारे काका-काकू आधी घाबरायचे, बाईला चक्कर आली की काय. आता ‘आज किती मायनस?’ विचारतात. ती कावळ्यांमागे पळते तेव्हा शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, लागतो, तरीही निम्म्या फोटोंत नुसती शेपूट. त्या शेपटीसुद्धा मी पुसत नाही. गुडघे दुखतात, केसांत वाळू जाते, घरी आल्यावर चहा गार झालेला असतो आणि मी कार्ड लावून बसलेली असते. साठीनंतर असं काही सुरू होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला रजिस्टर एडीने परत पाठवलं असतं.

आणि तुमच्या मायनसचा पसारा वाढला आहे, हे तुम्हाला कळायला हवं. आमच्या भागात रात्री कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या, त्यांची नसबंदी करून कानाला काप असलेली कुत्री पुन्हा त्यांच्याच गल्लीत आणून सोडणाऱ्या दोन-तीन मुली आहेत. पिल्लांना घर मिळावं म्हणून त्या फोटो टाकतात. तांबडी, ठिपक्यांची पिल्लं पटापट जातात, काळी उरतात. थोडा अपशकुनाचा खुळेपणा, आणि थोडं असं की मोबाइलच्या फोटोत काळं पिल्लू म्हणजे अंधारातली दोन बटणं. आता ती माझ्याकडे आणतात. आईचं जुनं पिवळं लुगडं गॅलरीच्या कठड्यावर टाकते, पिल्लू त्यावर ठेवते, चौकातला उजेड बाजूने येतोच. एक पिल्लू लुगड्यावर मुतलं आणि त्याच फोटोवर गेलं! ते आता माझगावात एका पिठाच्या गिरणीवाल्यांकडे आहे. त्यांनी सांगितलं की तिथे ते दिवसातून अर्धा वेळ पांढरंच असतं. तिथे प्लस द्यावा लागेल.

बाकी तुमची सूचना पाळते आहे : चामड्याची पेटी बाद, हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, रंग उडाला की तव्यावर गरम करून परत. फोकसची रिंग मात्र अलीकडे थोडी कचकचते, त्यात चौपाटी गेली असणार. पुढच्या आठवड्यात घेऊन येते, दुपारी तुमचा डबा उरकल्यावर. बुक्की येईल. साबूला आणत नाही, ती टेबलावर चढून तुमचे बारीक स्क्रू एकेक करून खाली ढकलेल. बुक्कीचे चार फोटो धुऊन आणते, त्यातला एक तुम्हाला. कुठला ते तुम्हीच निवडा, आणि उरलेल्या तिघांत काय चुकलंय ते सांगा.

तुमची,
गिरगावातली बुक्कीवाली