विमान घरी आणण्याविषयी, आई-बाबांस

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सारे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर आईचा आवाज लगेच कापरा होतो आणि बाबा "बरं, बघू" म्हणून पाऊसपाण्यावर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच काढते. माझ्या इथल्या मैत्रिणीने आणि मी भागीदारीत एक लहान विमान विकत घेतले आहे. ते सध्या कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथे उभे असून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते स्वतः चालवत ओहायोतल्या डेटनला, म्हणजे घरी, आणणार आहे. व्यवहार पूर्ण झाला आहे आणि रजाही मंजूर झाली आहे. तुम्हाला न विचारता ठरवले याचे तुम्हाला वाईट वाटेल हे मी जाणते. पण विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडून जाणे मला याहून जड गेले असते.

बाबांचा पहिला प्रश्न विमान किती जुने आहे हा असेल. ते १९७६ सालचे सेस्ना १७२ आहे, म्हणजे वयाने माझ्याहून मोठे आहे. परंतु १९५६ पासून या जातीची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली आहेत, जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाची इतकी झालेली नाहीत, त्यामुळे याच्या खोडी कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला तोंडपाठ असतात. कायद्याने दरवर्षी त्याची संपूर्ण तपासणी करावी लागते. शिवाय विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून आम्ही इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर वेगळा तपासून घेतला. ट्रकवरून आणायचे तर पंख उतरवून पुन्हा बसवावे लागतात, आणि ती जोडणी नीट होईल का, या चिंतेने मी अधिक झुरले असते. पैसे घेऊन विमान पोचवून देणारे वैमानिकही मिळतात. पण ज्या विमानात पुढे मैत्रिणीच्या मुलांना बसवायचे, त्याचा स्वभाव आधी आपल्याला कळलेला बरा.

आता डोंगरांविषयी. नकाशावर सरळ रेष ओढली तर ती कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतावरून जाते. तेथे १४,००० फुटांहून उंच अशी पन्नासहून अधिक शिखरे आहेत आणि आमच्या विमानाची कमाल मर्यादाच सुमारे १३,००० फूट आहे. म्हणून त्या वाटेचा विचारही केलेला नाही. मी आणि सोबत येणारे माझे प्रशिक्षक दक्षिणेकडून वळसा घेणार आहोत: सॅन गोर्गोनियोच्या खिंडीतून वाळवंटात, मग टुसॉन, एल पासो, ग्वादालुपेची खिंड आणि तेथून टेक्सासच्या सपाट मुलखावरून ईशान्येकडे. सव्वातीन हजार किलोमीटरहून थोडा अधिक असा हा प्रवास आहे, पण बहुतेक वाटेवर खाली महामार्ग दिसत राहतो. एल पासोचा विमानतळ ३,९६२ फुटांवर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याहून थोडाच खाली आहे, आणि ग्वादालुपेची खिंड जवळजवळ कळसूबाईएवढी उंच आहे. उंचावर आणि उन्हात हवा विरळ होते, इंजिनाची ताकद उतरते आणि धावपट्टी जास्त लागते. म्हणून चार जणांच्या विमानात आम्ही दोघेच आणि मोजके सामान असू, आणि सकाळी लवकर निघून दुपारचे ऊन तापायच्या आत खाली उतरलेले असू.

बरोबर प्रशिक्षक आहेतच. त्यांचे बालपण न्यू मेक्सिकोत गेले असल्यामुळे त्या डोंगरांतला वारा त्यांच्या ओळखीचा आहे. माथ्याच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या वर असेल तर त्या दिवशी निघायचेच नाही, हा त्यांचा दंडक आहे. डोंगर ओलांडल्यावर पलीकडच्या अंगाला वारा खाली कोसळतो आणि त्याबरोबर विमानही खाली ओढले जाते. त्यामुळे रांग काटकोनात न ओलांडता तिरकी गाठायची, म्हणजे मन साशंक झाले तर थोडेसे वळूनच सखल बाजूला परतता येते. शिखरावर मसुराच्या दाण्यासारखे गुळगुळीत ढग एका जागी थांबलेले दिसले, तर निळे आकाश असूनही विमान बांधून ठेवून हॉटेलात झोपायचे.

आई, हे वाचताना तुला वरंध्याची ती रात्र आठवेल. मलाही आठवते. त्या रात्री धुक्यापेक्षा घाई अधिक होती. सकाळपर्यंत पोचायलाच हवे होते आणि थांबूया असे म्हणणारे गाडीत कुणी नव्हते. म्हणून या वेळी घाईला जागाच ठेवलेली नाही. तीन-चार दिवसांच्या कामासाठी मी दोन आठवड्यांची रजा घेतली आहे. तेवढ्यातही हवा उघडली नाही, तर विमान आहे तिथेच भाड्याच्या जागेत उभे करून मी साध्या प्रवासी विमानाने परत येईन. ऑफिसात, मैत्रिणीकडे, सगळीकडे तसे सांगूनच ठेवले आहे, म्हणजे ऐन वेळी कुणाचा संकोच आड येणार नाही.

बाबा, मला आपल्या स्कूटरवर पुढे उभी करून तुम्ही हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणापाशी नेत होतात. यंत्राने दोर खेचला की ते ग्लायडर वर चढायचे, दोर सुटायचा, आणि इंजिन नसताना ते हवेत कसे राहते हे तुम्ही रुमालाची चार टोके धरून मला दाखवायचात. हे विमानही इंजिन बंद पडल्यास लगेच कोसळत नाही. एक किलोमीटर उंचीवर असेल तर साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाते. आणि डेटनला राइट बंधूंचे सायकलचे दुकान पाहून, पुण्यात इतकी सायकलची दुकाने असून एकालाही हे सुचू नये, म्हणून हळहळलात ते तुम्हीच. तेव्हा थोडा दोष तुमच्याकडेही जातो.

खाण्यापिण्याची काळजी नको. थालीपिठे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करून नेणार आहे. विमानात हीटर आहे. टाकीत साधारण साडेचार तासांचे इंधन मावते, पण आम्ही दर अडीच तासांनी उतरणार आहोत, त्यामुळे आई जे विचारायला संकोचेल त्याचीही सोय होते. इथल्या कित्येक लहान विमानतळांवर उतरलेल्या वैमानिकांना गावात जेवून येण्यासाठी एक जुनी मोटार फुकट देतात. किल्ली बहुधा गाडीतच असते. पुण्यात असे कुणी करील का!

आता मी सांगते ते ऐकायचे. पहिल्या दिवशी आम्ही सकाळी सातला निघू तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, आणि दिवसाचे उड्डाण संपेल तेव्हा तुमची मध्यरात्र उलटलेली असेल. दर दहा मिनिटांनी माझा ठावठिकाणा दाखवणारी नकाशाची लिंक दादा बाबांच्या फोनवर टाकून देईल, पण ती जेवण होईपर्यंतच पाहायची. ठिपका थांबलेला दिसला, तर बहुधा आम्ही कुठेतरी चहा पीत असू. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात आम्ही पोचल्याचे कळवले नाही, तर इथली यंत्रणा स्वतःहून शोध सुरू करते, म्हणून पहारा तुम्ही देण्याची गरज नाही. माझा निरोप सकाळच्या चहाबरोबर वाचावा. बाबांनी रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही. आईने दिवाळीच्या डब्यांसाठी स्टुलावर चढायचे नाही. माळ्यावरचे सगळे कामाच्या मावशींकडून काढून घ्यावे, गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नये. आणि फराळ पाठवाल तेव्हा चकल्या वेगळ्या, कडक डब्यात भराव्यात. गेल्या वर्षी नुसता चुरा हाती आला आणि तो मी चमच्याने खाल्ला.

तुमची,
धाकटी