काका, स्टेअरिंग आता सरळ आहे

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणालात आणि दुसऱ्यांदा फोन सरळ काकूंच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. काकू वाचून दाखवतील तेव्हा उठून जायचं नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. काका म्हणजे आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या मैत्रिणीचे वडील. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत चौतीस वर्षं मेकॅनिक. २०२४ च्या एप्रिलमध्ये काकूंबरोबर लेकीकडे ओहायोत आले, ऑक्टोबरात परत गेले. या सहा महिन्यांत आई-वडिलांचं इथे काय होतं ते इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, लेक-जावई दिवसभर कामावर. काका सकाळी जावयाचे मोठे बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. आम्ही सगळे त्यांना भेटलो की "कंटाळा येत नाही ना?" एवढंच विचारायचो. त्यांना काय येतं, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आमच्या घराला पाऊण एकर हिरवळ आहे. नवऱ्याला परागकणांची ॲलर्जी, त्यामुळे गवत कापणं माझ्याकडे. मे महिन्यात इथलं गवत आठवड्याला कापलं नाही तर गुडघ्याकडे झेपावतं, मग आधी शेजारी बघायला लागतात आणि नंतर नोटीस येते. आम्ही एकाकडून जुना बसून चालवायचा मोअर घेतला होता, ४२ इंची पात्यांचा. दिसायला छोटा ट्रॅक्टरच. त्या वर्षी त्याचं स्टेअरिंग बिघडलं. सरळ जाताना वितीएवढं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलायची नाहीत, मग एकदम हलायची. त्यात गाडी डावीकडे ओढायची. हिरवळीवर माझ्या रेघा अशा उमटायच्या की जणू कुणी डाव्या हाताने बाराखडी गिरवली आहे.

त्या रेघा बघूनच तुम्ही थांबलात, काका. मी इंजिन बंद केलं तेव्हा तुमचं पहिलं वाक्य होतं, "चालवणारी बरी आहे, गाडी प्यालेली आहे."

मग विचारलंत, "ही जमीन किती?"

"पाऊण एकर."

"म्हणजे तीस गुंठे. काय पिकतं?"

"काही नाही. गवत."

"कापून काय करता त्याचं?"

"तिथेच पडू देतो."

"जनावर नाही एकही?"

"नाही."

तुम्ही जरा वेळ त्या हिरवळीकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "बरं. स्टेअरिंगचं बघू." त्या दोन शब्दांच्या मधे तुम्ही अमेरिकेबद्दल जे मत दिलंत, ते मी आजवर चारजणांना सांगितलं आहे.

मी तुम्हाला अभिमानाने सांगितलं की दुरुस्ती मी सुरू केलीच आहे, दोन्ही टाय रॉड, म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारे दांडे, मागवले आहेत, उद्या येतील. तुम्ही विचारलंत, "जुने खराब आहेत?" मी म्हटलं, "असतील." यावर तुम्ही हसला नाहीत, ही तुमची सज्जनता. माझ्याकडे मेकॅनिकलची पदवी आहे हे तुम्हाला लेकीने आधीच सांगितलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

१ जूनला शनिवार होता. तुम्ही सकाळी आठला गॅरेजच्या दारात हजर, गळ्यात लाल रुमाल. "आज एसटीचा वाढदिवस," म्हणालात. "४८ साली याच तारखेला पुणे-नगर पहिली गाडी सुटली. चांगला दिवस आहे." आणि लगेच अट घातलीत: पाना तुम्ही हातात धरणार नाही. एक कारण, तुमचं बोट कापलं तर इथल्या दवाखान्याचं बिल भरताना जावई विकला जाईल. दुसरं कारण, "मी ऑक्टोबरात जाणार. गाडी इथंच राहणार."

पहिल्यांदा किल्ली काढून खिशात टाकायला लावलीत. मग स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. खाली पाती आहेत, इंजिन चुकून फिरलं तर पातीही फिरू शकतात, हे तुम्ही एकदाच सांगितलंत, पण त्यानंतर दर वेळी मी खाली वाकले की माझ्या खिशाकडे बघून "किल्ली?" विचारत होतात.

मग हवा. मी म्हटलं, काका, स्टेअरिंग बिघडलंय, हवा काय बघायची? तुम्ही म्हणालात, "अर्धी स्टेअरिंगं हवेनंच बिघडतात." आमच्या मशीनच्या पुस्तकात पुढच्या चाकांना १४ पीएसआय लिहिलं होतं. उजवीकडे बरोबर १४ निघाली, डावीकडे ६. सहा! हवा भरली, गाडी ढकलून बघितली आणि डावीकडची ओढ गेली. पंधरा मिनिटं, खर्च शून्य. स्टेअरिंग जड लागत होतं तेही निम्मं हलकं झालं. मात्र वितीएवढा प्ले, म्हणजे स्टेअरिंगचा मोकळेपणा, होता तसाच.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी चार वर्षं कॉलेजात शिकून मला कधी सुचलं नव्हतं. तुम्ही सीटवर बसलात, मला जमिनीवर उताणी झोपायला लावलंत, हातात टॉर्च दिलात. "मी स्टेअरिंग थोडं थोडं हलवतो. वरून खाली बघत ये. हलणं कुठे थांबतं ते सांग." एवढंच. वरचं चाक हललं, दांडा हलला, दांड्याच्या टोकाचं छोटं गिअर, म्हणजे पिनियन, तेही हललं. त्याला अडकलेली अर्धचंद्रासारखी दात्यांची पट्टी, सेक्टर गिअर, ती मात्र हलली नाही. पिनियन तिच्यावर नुसतं चाळा करत होतं. तुम्ही पुढे फिरवत गेलात तेव्हा कुठे पट्टीने पकड घेतली. त्यापुढचे टाय रॉड, त्यांचे बॉल जॉइंट, सगळं निमूट आपापलं काम करत होतं.

मी खालून ओरडले, "काका, टाय रॉड चांगले आहेत!"

वरून आवाज आला, "मग परत पाठव."

पट्टीवरची घाण चिंधीने पुसल्यावर तुम्ही मला दाते मोजायला लावलेत. कडेचे दाते जवळपास कोरे. मधले पाच-सहा झिजून बोथट, एकाचं तर टोकच उडालेलं. असं का, ते तुम्ही मलाच विचारलंत. मला उत्तर यायला दोन मिनिटं लागली: गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून झीज मधल्याच दात्यांची. म्हणूनच वळताना पकड यायची आणि सरळ जाताना गाडी झिंगायची. महिनाभर ही खूण माझ्या डोळ्यांसमोर हिरवळीवर लिहिलेली होती.

इथे जरा थांबून एक गोष्ट कबूल करते. परीक्षेत मला अ‍ॅकरमन स्टेअरिंगवर प्रश्न आला होता. १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमनने घेतलेलं पेटंट, मूळ कल्पना म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या गाड्या बनवणाऱ्याची, सुबक आकृती, पूर्ण गुण. पण वळताना आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त का वळावं लागतं, ते मला तुम्ही म्हणालात तेव्हा कळलं: "शाळेत कवायतीला रांग वळायची तेव्हा आतलं पोर जागच्या जागी गिरकी घ्यायचं आणि बाहेरचं पळत सुटायचं. तसंच." आणि मग, न विचारता, बैलगाडीला हे लचांड का नाही तेही सांगितलंत. तिला चाकं दोनच, वळतात ते बैल.

दुकानाने मला आधी जो अंदाज दिला होता त्यात मोअरच्या किमतीच्या निम्मे पैसे जात होते. सेक्टर गिअर आणि पिनियन मिळून त्याच्या एका कोपऱ्यात बसले. पट्टीच तेवढी बदलू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात, झिजलेलं पिनियन नव्या पट्टीला वर्षात खाईल.

तो भाग यायला आठवडा लागला. मधल्या दिवसांत तुम्ही मला पुढचा ॲक्सल जॅकवर घ्यायला लावून दोन्ही चाकं वर-खाली धरून हलवायला लावलीत. डाव्या बाजूच्या बुशला, म्हणजे चाकाच्या आतल्या नळीला, थोडा प्ले होता, "चालेल अजून दोन वर्षं" असा निकाल मिळाला. ग्रीसची निपलं मातीने बुजली होती, ती सुईने साफ केली आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबली. चाकावर भार असताना ग्रीस नीट आत जात नाही, उचलूनच भरायचं, हेही तेव्हाच. तुमच्या त्या आठवड्यातल्या चेहऱ्याबद्दल काकूंनी मला नंतर जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

बसवण्याचा दिवस लांबला. खालचं पात्यांचं डेक काढल्याशिवाय हात पोचत नव्हता. एक बोल्ट गंजून बसला होता, तो सुटेना म्हणून मी पान्यावर पाय देणार तेवढ्यात तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा मला रागावलात. बोल्टवर तेल सोडायला लावलंत, चहा करायला पाठवलंत. चहा संपल्यावर बोल्ट सुटला.

शेवटी चाकांची लाइन. दोन्ही टायरवर खडूने खुणा, टेपने आधी पुढून मोजायचं, मग मागून, आसाच्या उंचीवर. मी विचारलं, पुढून किती कमी हवं? तुम्ही म्हणालात, "दोन सूत." सूत! माझ्या आजोबांनंतर मी हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्या टेपवर तो पाव इंच होता. मी टाय रॉडचा नट सैल करून, फिरवून, मोजून, परत फिरवून तीनदा चुकले. तुम्ही दारात उभं राहून शेजारच्या मेपलकडे बघत होतात, मुद्दाम.

आमच्या हिरवळीच्या मागच्या कडेला उतार आहे आणि खाली नाला. असल्या मोअरने उतारावर सरळ वर-खाली कापायचं, आडवं नाही, आणि १५ अंशांहून जास्त चढ असेल तर तिथे जायचंच नाही. हे मला माहीत होतं, पण त्या झिंगलेल्या स्टेअरिंगने मी महिनाभर त्या नाल्याच्या काठाने गेले होते. तुम्ही पहिल्या दिवशी रेघा बघितल्यात तेव्हा तुम्हाला तो नाला दिसला होता. तसं तुम्ही मला कधी बोलला नाहीत. लेकीला बोललात.

म्हणून आभार. दुरुस्तीचे आहेतच, पण त्याआधी त्या दिवशी थांबल्याबद्दलचे.

आता बातमी. या वर्षीची पहिली कापणी एप्रिलात झाली. त्याआधी मी हवा बघितली, निपलं साफ केली, किल्ली खिशात ठेवली. स्टेअरिंग सरळ आहे. परत पाठवलेल्या टाय रॉडच्या पैशांत स्वतःची ग्रीस गन घेतली. गल्लीतल्या एका अमेरिकन आजोबांचा मोअर वळताना कुरकुरत होता, तर मी त्यांना सीटवर बसवलं आणि टॉर्च घेऊन खाली झोपले. त्यांच्याकडे ॲक्सलच्या मधल्या पिनमध्ये प्ले निघाला. त्यांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, एसटीत.

तुमचा लाल रुमाल आमच्या गॅरेजच्या खुंटीवर राहिला होता. दोनदा धुतला, ग्रीसचा डाग काही गेला नाही. मैत्रीण डिसेंबरात येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. काकूंना नमस्कार.

आपली,
दोन घरं पलीकडची