चाच्यांच्या गोष्टीत वारा कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला दक्षिण कोकणातल्या ‘समुद्री चाच्यां’वरचा लेख वाचला. रंजक आहे. तोफा आहेत, तह आहेत, वारा मात्र एका ओळीतही नाही. मालवणात जन्म काढलेल्याला हे खटकणारच.

आधी त्या शब्दाविषयी. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांच्या दस्तकाशिवाय (परवान्याशिवाय) जाणारे जहाज ते अडवीत. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ या आपल्या परवान्याच्या नावाने हेच करत आले होते, त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. याच किनाऱ्याने १६९७ मध्ये गेलेला कॅप्टन किड तर चाचे पकडायला म्हणून निघाला आणि १७०१ मध्ये स्वतःच चाचा ठरून लंडनला फासावर गेला! पण म्हणून आपल्याकडचे सगळेच धुऊन काढावे, असेही मला वाटत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवणच्या गलबतांनी व्यापाऱ्यांना लुटले, ते खरेच. त्यासाठीच इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव ठेवले आणि पुढे कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहात कोल्हापूरकरांना मालवण कायमचे सोडावे लागले. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लेही गेले.

आता वारा. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. तसेच खाली येऊन कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर चालून जाणे सोपे होते. पण पावसाळा तोंडावर आला होता आणि मुंबईकर इंग्रजांना आपली जहाजे उघड्या दर्यात ठेवायची नव्हती. विजयदुर्ग पडला तो थेट फेब्रुवारी १७५६ मध्ये. मधले दहा महिने तुळाजींना कोणत्या तहाने दिले नाहीत, नैर्ऋत्येच्या वाऱ्याने दिले. (त्या हल्ल्यात तुळाजींचे आरमार जळाले आणि इंग्रजांच्या बाजूने पेशवेच होते, हा वेगळा आणि जास्त दुखरा विषय.)

खडकांचेही तसेच. सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली एवढे खडक आहेत, की वाट ठाऊक नसलेले मोठे जहाज आत यायला धजत नसे. उथळ तळाची गलबते मात्र भरतीचा अंदाज घेऊन खडकांमधून निसटत आणि खाडीत शिरत. आजही वादळाचा इशारा आला की गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूचे ट्रॉलर देवगडच्या बंदरात आसऱ्याला येतात. लपायची जागा आणि जीव वाचवायची जागा या किनाऱ्यावर एकच.

हे आता सांगायचे कारण म्हणजे जुने पंचांग चुकू लागले आहे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की दर्या मोकळा, हा आमचा हिशेब. पण फयान चक्रीवादळ आले ११ नोव्हेंबर २००९ ला, होड्या समुद्रात असताना. क्यार २०१९ च्या ऐन दिवाळीच्या तोंडावर. तौक्ते १६ मे २०२१ ला, म्हणजे मासेमारीबंदी सुरू व्हायला पंधरा दिवस असताना. त्या रविवारी आमच्या परसातली दोन कलमे मुळासकट आडवी झाली आणि पुढे कित्येक रात्री कंदिलावर काढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, त्यामुळे वादळे वाढली, असे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात. जुना हिशेब ज्या महिन्यांना मोकळे म्हणे, त्याच महिन्यांत ती गाठतात.

पुरवणीत पुन्हा हा विषय घेणार असाल तर एक सुचवतो. वार्ताहराला मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर, अमावास्येच्या मोठ्या सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी पाठवा आणि म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, खडकांची नावे विचारायला सांगा. प्रत्येक खडकाला नाव आहे, कोणत्या वाऱ्यात त्याच्या कोणत्या बाजूला नांगर टाकायचा तेही ठरलेले आहे. नव्या पोरांकडे जीपीएस आहे, त्यांना ही नावे लागत नाहीत. शेजारच्या एका तांडेलाने मागच्या वर्षी पाण्याकडे बोट दाखवून मला सांगितले, “ह्यो सुकतीक दिसता, भरतीक होडी खाता.” मी नाव विचारले. त्याने सांगितले, आणि मी मूर्खासारखे लिहून घेतले नाही. तो आता नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मालवण