काका, तुमच्या आरशाचे आभार

आदरणीय काका,

नागपुरात जरीपटक्याच्या कब्रस्तानात त्या रविवारी तुम्ही आमच्यासाठी अख्खी सकाळ दिलीत. निघताना बाबांना भरून आलं होतं, त्यामुळे धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बोरीजवळ ओढ्याच्या पुरात बुडाले, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण आपली पणजी कुठे पुरली आहे, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा दोन वर्षांचे असताना ती गेली. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "माय मानमोडीत गेली." मानमोडी म्हणजे काय, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नाही. याची फार खंत वाटते.

घाणेरीचं झुडूप बाजूला करून तुम्ही तो दगड दाखवलात, तेव्हा मला तो कोराच वाटला. मी ताराचा ब्रश काढला, तर तुम्ही हात धरलात. "थांबा ताई, दगड खरवडू नका. उनाले तिरपं करा लागते." खोलीतून दाढीचा आरसा आणलात आणि कवडसा दगडावर आडवा पाडलात. झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली आली. आधी 'प्रभूमध्ये', मग 'निजली', मग पणजीचं नाव. बाबा ऐंशीचे आहेत. त्यांनी आपल्या आजीचं नाव तिथे बोटाने गिरवलं.

चर्चची नोंदवही नावावरून नाही, तारखेवरून बघा, इंग्रजीत नावं कशीही लिहिलेली असतात, हेही तुम्हीच सांगितलंत. तसंच निघालं. आडनाव ओळखूच येत नव्हतं, पण तारीख जुळली: ऑक्टोबर १९१८. मरणाचं कारण, इन्फ्लुएन्झा. आजोबांची मानमोडी ती हीच. वरच्या ओळीत तेच, खालच्या ओळीत तेच, पान उलटलं तरी तेच. पणजीच्या लगेच खाली एक नाव नसलेली नोंद होती, वय चार दिवस. आजोबांना एक भावंड होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तुमचे आजोबाही त्या वेळी तिथेच खड्डे खणत होते, रात्री कंदील लावून, असं तुम्ही म्हणालात. मानमोडी हा शब्द तुमच्याही घरात राहिलाय. कदाचित पणजीला माती त्यांनीच दिली असेल. त्यांचेही आभार मानायचे आहेत, काका.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन येतोय. तुमच्या आजोबांची कबर कुठे आहे, तेवढं दाखवा.

तुमची,
आरसा धरायला शिकलेली ताई