न मागितलेला चमचा: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी मुंबईत मोबाईल ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. कुठल्या चौकटीत आधीच टिक असावी, हे ठरवणं माझं पोटापाण्याचं काम. त्या टिकेबद्दलच लिहितेय.

१ जानेवारी २०२० पासून केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने स्टार लेबलच्या घरगुती एसींना २४ अंशांचं डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं केलं. कुणाला १८ वर न्यायचा तर खुशाल न्यावा, मनाई नाही. पण रिमोटवर आलेला आकडा बदलायचा कंटाळा आपल्या सगळ्यांनाच असतो, आणि एकेक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ब्यूरोचंच म्हणणं. त्यासाठी ना पोस्टर लागलं, ना शपथ.

तेच जेवण मागवायच्या ॲपचं करा. प्लास्टिकच्या चमच्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे; त्यांच्या जागी लाकडी आले, पण न मागता यायचे काही थांबले नाहीत. ज्याला हवा त्याने टिक करावी, एवढंच. काही कंपन्यांनी हे आपणहून केलंय. बाकीच्यांसाठी नियम हवा.

आणि सरकारी पोर्टल! मध्यंतरी वडिलांचा एक ‘ऑनलाइन’ अर्ज भरला. भरून झाल्यावर प्रिंट काढा, निळ्या शाईने सही करा, स्कॅन करा, २०० केबीत बसवून अपलोड करा, मग पोचपावतीची प्रिंट घेऊन कार्यालयात या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं भलं झालं, तेवढंच पुण्य. वडिलांचा फोन जुना. पहिल्याच पानावर मान्यवरांच्या फोटोंचा स्लायडर उघडेस्तोवर तो तापला (आपलाही फोटो होता, क्षमस्व). असल्या पानांपायी धडधाकट फोन भंगारात जातात. फोनपायी होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तर तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो.

तेव्हा सुरुवात आपल्याच खात्यापासून व्हावी. पोर्टलच्या निविदेत पान जास्तीत जास्त किती एमबीचं, ते लिहा. स्वस्तातल्या जुन्या फोनवर चाचणी झाल्याशिवाय बिल काढू नका. डिजिटल सहीला आयटी कायद्याने २००० सालापासून मान्यता आहे; मग प्रिंट मागणारं कलम अजून कशाला?

उत्तर ईमेलने आलं तरी चालेल. सही-शिक्क्याची प्रत टपालाने नको.

आपली,
एक डिझाइनर, मुंबई