विषय: बंद एरेटर, गुदमरलेले मासे आणि माझे 4,400 रुपये

मा. व्यवस्थापक,

आजच्या पाचव्या फोननंतर लिहितोय, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू द्या.

गेल्या रविवारी पुतण्याला घेऊन तुमच्या मासेमारीच्या तलावावर यायला पुण्याहून पहाटे साडेतीनला निघालो. दोन गळांचे 4,400 आगाऊ भरलेले. उजाडलं तर पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं आणि त्यावर शेकडो तोंडं. कटला, रोहू, आणि चक्क मृगळ! मृगळ तळाला चरणारा मासा. तोच वर येऊन तोंडाची उघडझाप करतोय म्हणजे खाली श्वासापुरतंही काही उरलेलं नाही. रात्रभर हे हिरवं शेवाळसुद्धा ऑक्सिजन ओढतं, पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, रात्री चालवायची. तुम्हाला हे मी सांगायला नको. तुमचे चारही एरेटर बंद होते. एकाच्या पंख्यावर बगळा बसला होता.

काठावरचा पोरगा म्हणाला, ऑफिसला विचारा. विचारलं. बाईंचं उत्तर जसंच्या तसं देतो: "सर, मासे वर आलेत ना? म्हणजे ॲक्टिव्ह आहेत. तुम्ही लकी आहात."

मी म्हटलं, "अहो ताई, त्यांना हवा मिळत नाहीये."

पलीकडे जरा शांतता. मग, "सर, आपला तलाव ओपन एअरच आहे."

पुतण्या नऊ वर्षांचा आहे. फोन स्पीकरवर होता. तोही माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी पुन्हा, अगदी सावकाश, एरेटर म्हणजे काय ते सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, "लाइट बिलाचं अकाउंट्सला विचारा, मी बुकिंगला आहे."

दहापर्यंत बसलो. गळाला लावलेला पेंड-कणकेचा गोळा नाकासमोरून गेला तरी एक मासा ढुंकून बघेना. गुदमरणाऱ्याला भूक कुठली? निघताना तुमच्याच माणसाने दोन मेलेले कटले क्रेटमध्ये भरले. 'पकडा आणि सोडा' तलावातले ते कटले पुढे कुठे गेले, हे मी विचारत नाही.

आज परताव्यासाठी फोन केला तर "मासा लागेलच याची गॅरंटी नाही, नियम 7." मासा लागला नाही ही माझी तक्रारच नाही! चाळीस वर्षं कृष्णेवरून रिकाम्या हाताने घरी येतोय, कृष्णेकडे कधी परतावा मागितला नाही. एरेटर बंद होते, ही तक्रार आहे. चारही. बगळ्यासकट फोटो जोडलाय.

आठ दिवसांत 4,400 रुपये खात्यावर आले नाहीत तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पहिल्या वर्षी तुमच्याच तलावावर पुतण्याने आयुष्यातला पहिला रोहू काढला होता. परवा गाडीत त्याने विचारलं, "काका, आता ते सगळे मरणार का?"

एरेटर सुरू झाले की नाही, एवढं तरी कळवा. पुन्हा फोन करायची माझी इच्छा नाही.

एक (आजवरचा) ग्राहक